निदानानंतरचे पहिले दिवस

ज्वर आलेल्यास कोणतें पथ्य द्यावें, बाळंतिणीची शेक-शेगडी कशी करावी, हें आपल्या घरांतील वडील बायकांना कोणी शिकवावयास नको. परंतु 'कर्करोग' हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकून जी स्त्री घरीं परतते, तिची पुढील पंधरा-वीस दिवसांतली शुश्रूषा कशी करावी, याविषयीं बहुतेक घरें गोंधळून जातात. तिला बहुधा ताप नसतो. स्तनांतील गांठ पुष्कळदां दुखतहि नाहीं. ती ओट्याशीं उभी राहून नेहमींप्रमाणें पोळ्या करीत असते. शस्त्रक्रियेनंतर खाटेशीं बसावयास दहा माणसें येतील. या दिवसांत मात्र ती अगदीं एकटी पडते.

पुष्कळ घरांतून पति किंवा थोरला दीर डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणतो, "तिला सांगूं नका, ती खचेल." हेतु प्रेमाचा असतो, यांत शंका नाहीं. पण परळचें टाटा रुग्णालय १९४१ सालापासून सर्वांच्या ओळखीचें आहे. त्याच्या दारांतून आंत नेलेल्या सुशिक्षित बाईला आपणांस काय झालें आहे हें उमगत नाहीं, असें मानणें भाबडेपणाचें आहे. तिला उमगतेंच, परंतु घरच्यांना दुःख होऊं नये म्हणून तीहि मौन धरते. मग तिनें रडावें तरी कोणापाशीं? सांगावें, मात्र ती विचारील तितकें आणि पेलेल तितकें. रोग लवकर ध्यानांत आला असतां चांगले उपचार आहेत, हेंहि त्याच वेळीं सांगावें.

याच्या उलट, भेटावयास येणारीं माणसें "धीर धर, सर्व ठीक होईल" असें म्हणून तिचें तोंड बंद करितात. या बाबतींत मँचेस्टर येथील डॉ. पीटर मॅग्वायर व त्यांचे सहकारी यांनीं १९८० सालीं प्रसिद्ध केलेलें संशोधन मननीय आहे. स्तन काढून टाकलेल्या कांहीं स्त्रियांसाठीं त्यांनीं एक विशेष परिचारिका नेमिली. दुसऱ्या गटास नेहमींचीच शुश्रूषा मिळाली. परिचारिकेच्या समुपदेशनानें मनाचा आजार टळला नाहीं, असें त्यांना आढळलें! परंतु ती नियमितपणें विचारपूस करीत राहिल्यामुळें, ज्यांना मनोविकारतज्ज्ञांची गरज होती अशा शंभरांपैकीं ७६ स्त्रिया तिनें ओळखून त्यांच्याकडे पाठविल्या. दुसऱ्या गटांत हें प्रमाण अवघें १५ होतें. वर्ष-दीड वर्षानें पाहिलें तों मनाच्या आजाराचें प्रमाण पहिल्या गटांत शेंकडा १२ व दुसऱ्यांत ३९ होतें.

आपल्याकडे अशी परिचारिका सर्वत्र मिळत नाहीं. तेव्हां बहीण, नणंद किंवा जाऊ यांपैकीं एकीनें हें काम अंगावर घ्यावें. उपदेश नको. "झोंप लागली का? कशाची धास्ती अधिक वाटते?" एवढें विचारून उत्तर येईपर्यंत थांबावें. धास्ती मरणाचीच असते असें नाहीं. केंस गळण्याची असते, पतीच्या नजरेची असते, मुलीच्या लग्नाचीहि असते. डॉक्टरांकडे जातांना एक वही न्यावी व त्यांचें बोलणें लिहून घ्यावें, कारण त्या घटकेस ऐकलेलें तिच्या ध्यानांत राहत नाहीं. "मनाला फार लावून घेतलेंस म्हणून झालें" असें म्हणणाऱ्या नातलगांस दुरूनच नमस्कार करावा. आणि तिचें ताटवाटी वेगळें करणें तर निव्वळ क्रूरपणा होय. हा रोग स्पर्शानें किंवा उष्ट्यानें होत नाहीं.

दोन आठवडे झोंप नाहीं, अन्नावर वासना नाहीं, कशांतच मन रमत नाहीं, असें दिसल्यास तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांस तें सांगावें. जगणें नकोसें झाल्याची भाषा ती करूं लागली, तर एक दिवसहि थांबूं नये व तिला एकटी ठेवूं नये. सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मिळते. मनोविकारतज्ज्ञांस कर्करोगाचीं औषधें अवश्य दाखवावींत. कारण पॅरॉक्सेटिनसारखीं मनाचीं कांहीं औषधें टॅमॉक्सिफेनचा गुण कमी करूं शकतात.

राहतां राहिलीं मुलें. त्यांच्यापासून लपविलें तरी त्यांना घरांतील कुजबुज ऐकूं येतेच. सात-आठ वर्षांच्या मुलाला रोगाचें नांव, आई रुग्णालयांत किती दिवस राहील, आणि तोंवर त्याचा डबा कोण करील, एवढें सांगितलें म्हणजे पुरें.