झडती

नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट पायाखाली चिरडून त्याचा कडूपणा जिभेला लावण्याची चाल कोकणात आणि गोव्यात अजून टिकून आहे. तेव्हा दिवाळी अंकाच्या पहिल्याच पानावर आम्ही प्लेगचा विषय काढला, तर वाचक त्याला त्या कारिटाइतकी तरी जागा देतील अशी उमेद आहे.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या दाटीत, मूळचे गोव्यातील हडफडे गावचे डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले, आणि त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी आलेल्या दिवाळीत त्या शहरात किती घरांवर आकाशकंदील लागले असतील याची कल्पनाच केलेली बरी. घरात उंदीर पडला की बिऱ्हाड हलवायचे एवढे शहाणपण लोकांना अनुभवाने आले होते. सरकारला मात्र रोग घाणीत, हवेत आणि रयतेच्या राहणीत दिसत होता. म्हणून मोऱ्यांतून कार्बोलिक वाहू लागले, जमिनी उकरल्या गेल्या, आणि १८९७ च्या साथरोग कायद्याने अंमलदारांच्या हाती अनिर्बंध मुखत्यारी आली. पुण्यात रँडसाहेबांच्या हुकमतीखाली गोरे शिपाई माजघरात व देवघरात शिरले, धडधाकट माणसांचीही रवानगी छावण्यांत झाली, आणि त्याचे पर्यवसान २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर कसे झाले हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्याच साथीत, १० मार्च रोजी, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या, हेही त्या वर्षाच्या हिशेबात धरले पाहिजे.

आम्हांला या ठिकाणी विचार करावयाचा आहे तो दुसऱ्याच एका झडतीचा. प्लेगचा जंतू पिसवेच्या पोटात वाढतो, तिच्या जठराच्या तोंडाशी गोळा होऊन वाट बुजवतो, आणि भुकेने कासावीस झालेली पिसू माणसाला चावली की ओढलेले रक्त मागे फिरून जंतूंसह त्या जखमेत उतरते. पायाला चावा झाला असेल तर तेथील लसिका त्यांना वाहून जांघेतल्या ग्रंथीत आणते. ही ग्रंथी म्हणजे शरीराची नाक्यावरची चौकीच होय. तेथून जे काही पुढे जावयाचे ते तपासूनच जावयाचे असा तिचा शिरस्ता. तेथल्या भक्षक पेशी परक्याला ओळखून गिळतात, आणि पिसवेच्या थंड देहातून नुकतेच आलेले पुष्कळसे जंतू येथेच नामशेष होतात. पण काही पेशींना गिळणे साधते, पचविणे साधत नाही. त्यांच्या पोटात दडून बसलेल्या जंतूला माणसाच्या देहाची ३७ अंशांची ऊब मिळते, त्या उबेत तो आपल्या अंगावर नवे आवरण चढवितो, आणि बाहेर पडतो तेव्हा दुसऱ्या कोणी भक्षक पेशीने गाठलेच, तर एका अतिसूक्ष्म सुईने तिच्यात विषारी प्रथिने टोचून तिचे हातपाय बांधून टाकतो. पहारेकऱ्याच्याच कोठडीत वेषांतर करून निघालेला असा गुन्हेगार आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

मग ती चौकी सुजते, कोंबडीच्या अंड्याएवढी होते, ताप चढतो. लोक त्या गाठीलाच रोग म्हणत. वस्तुतः तिच्यातील सूज आणि तापाची धग ही बव्हंशी आपल्याच संरक्षणाची खटपट असते. मात्र देहाच्या या कारभाराची फाजील स्तुती करण्याचेही कारण नाही. जंतू रक्तात पसरले म्हणजे हाच बंदोबस्त एकाच वेळी सर्वत्र सुटतो, रक्तवाहिन्या पाझरू लागतात, नको तेथे रक्त गोठते, आणि आपपरभाव जाणणारे शरीर रँडसाहेबांसारखे घरच्यांवरच उठते. शिवाय या विशिष्ट शत्रूची खूण पटवून त्याच्यापुरती प्रतिपिंडे घडवावयाला त्याला आठवड्याहून अधिक मुदत लागते, आणि प्लेगचा रोगी बहुधा तितके दिवस थांबत नसे.

ही मुदत अगोदरच मिळवून देण्याची युक्ती वाल्देमार हाफकीन यांनी केली. ओडेसा येथे ते एली मेच्निकॉफ यांचे विद्यार्थी होते. याच मेच्निकॉफ यांनी १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा रोवला होता आणि काट्याभोवती फिरत्या पेशींचा घेराव पडलेला पाहून भक्षक पेशींचा सिद्धान्त मांडला होता. शिष्याला मुंबईत मिळाली ती ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई. मांसाच्या रसावर त्यांनी साजूक तुपाचे थेंब तरंगत ठेवले. जंतू त्या तुपाला धरून खाली लोंबत वाढत, मधूनमधून चंबू हलविला की ते तळाशी बसत, आणि वर पुन्हा नवी वाढ सुरू होई. पुढे तो सगळा रस तापवून जंतू मारायचे. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, ताप सोसला, आणि महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली. तिने मृत्यू पुष्कळ कमी झाले. पण तिचा गुण काही महिनेच टिके, आणि हिंदुस्थानातील प्लेगचे बळी पुढे कोटीच्या वर गेले.

पिसवेचा संशय पोल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत उंदरांवर प्रयोग करून मांडला, तेव्हा जाणत्यांनी तो बरीच वर्षे हसण्यावारी नेला. अखेर प्लेगच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या शास्त्रज्ञांनी मुंबईतल्या प्लेगग्रस्त घरांत शिरून, जमीन न उकरता, नुसते गिनीपिग ठेवले: काही मोकळे, काही पिंजऱ्यांत. मोकळ्यांच्या अंगावर पिसवा जमल्या आणि त्यांतले पुष्कळ प्लेगने मेले. पिसवेच्या उडीच्या वर टांगलेल्या पिंजऱ्यांतले त्याच घरात, त्याच हवेत जगले.