आशांना उपदेश नको, पाठबळ हवे

‘आशा सेविकांचे कामात मन लागत नाही, त्यांच्यासाठी प्रेरणा शिबिरे घ्यावीत’ असे सुचवणारे पत्र वाचले. यात निदानच चुकले आहे. २००५ पासून ग्रामीण आरोग्याचा भार वाहणारी आशा सरकारदरबारी आजही ‘स्वयंसेविका’च आहे. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा. गरोदर मातांची नोंद, लसीकरण, नवजात बाळांच्या गृहभेटी, क्षयरुग्णांचा पाठपुरावा आणि आता ऑनलाइन नोंदीही तिच्याकडेच. मोबदल्याचा एक भाग कामागणिक, आणि तोही अनेकदा रखडलेला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच आशांचा गौरव केला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातील आशांना मानधनवाढीसाठी संप करावा लागला.

उपकेंद्रात काम करताना मी पाहिले आहे, रात्री बाळंतिणीला घेऊन आलेल्या आशेला दवाखान्यात पाठ टेकायला जागा मिळाली, आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंनी तिची अडचण ऐकून घेतली, की दुसऱ्या दिवशी ती न सांगता कामाला लागते. उमेद टिकते ती अशा आधाराने. म्हणून शिबिरांआधी ठरल्या तारखेला मोबदला, रुग्णालयात आशांसाठी विश्रांतीची खोली आणि निवृत्तीनंतरची सुरक्षा द्या. शासनाने हे तातडीने करावे, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त आरोग्यसेविका, सातारा जिल्हा