साकुराईसाहेब, पुण्याच्या राजीला आखाड्यात उतरवा

मासाहिरो साकुराई यांस,



तुम्ही वर्षानुवर्षं 'फामित्सू' साप्ताहिकात जपानीत सदर लिहिलंत आणि देशोदेशीच्या पोरांनी ते कुणाकुणाकडून समजावून घेऊन वाचलं. आता एकदा तुमची पाळी. हे पत्र मराठीत आहे, कुणाकडून तरी वाचून घ्या.

मी रोहण्याचा. वर्धा जिल्हा, आर्वी तालुका, कापसाचं गाव. पुलगावहून आर्वीला जाणारी छोट्या रुळांची गाडी 1917 सालची. ती बंद पडली, आम्ही चालू आहोत. गावात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यामुळे पोरं काय खेळतात ते मला त्यांच्या मास्तरांच्या आधी कळतं.

गेल्या दिवाळीत पुतण्या पुण्याहून आला तो पिशवीत स्विच हे खेळाचं यंत्र घेऊन. बैठकीतल्या टीव्हीला वायर लावली आणि तुम्ही घडवलेला, निरनिराळ्या खेळांतले गडी एकाच आखाड्यात भिडवणारा 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' सुरू झाला. चार पोरं चटईवर, चिवड्याची ताटली मधोमध, तेलकट बोटं बटणांवर. माझे वडील, म्हणजे गावाचे निवृत्त पीटी सर आणि या पोरांचे आबाजी, मागे आरामखुर्चीत पेपर वाचत होते. एका पोरीनं 'वी फिट'ची ती गोरीपान व्यायामशिक्षिका घेतली होती. तिनं ऐन मारामारीत पाय रोवले, हात जोडले, हातांशी उजेडाचा गोळा जमू लागला. आबाजींनी पेपर खाली केला.

"अबे, हे तं सूर्यनमस्कार घालून राह्यली!"

पुतण्यानं सांगितलं, त्या डावाचं नावच मुळी 'सूर्यनमस्कार' आहे. पूर्ण भरू दिला तर तिची जखमही थोडी भरून येते. आबाजींनी चष्मा पुसला, आणखी दोनदा तो डाव करून दाखवायला लावला, आणि निकाल दिला: "अर्धाच घातला. साष्टांग कुठी गेला?"

साहेब, तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल, पण हा व्यायाम जगभर नेण्यात मोठा वाटा आमच्या साताऱ्याकडच्या औंध संस्थानच्या राजाचा आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधी रोज स्वतः नमस्कार घालत, शाळाशाळांतून घालायला लावत, आणि त्यांनी त्यावर लिहिलेलं पुस्तक इंग्रजीत दहा स्थितींचं म्हणूनच ओळखलं गेलं. याच राजानं 1939 साली आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली आणि त्या घटनेसाठी सल्ला घेतला तो गांधीजींचा, आमच्याच जिल्ह्यातल्या सेवाग्रामच्या म्हाताऱ्याचा. तेव्हा तुमच्या खेळात आमचा व्यायाम 2014 पासून आहे. माणूस मात्र नाही.

त्या रात्री पोरांनी कागद घेतला आणि 'आपल्याकडून कोण?' अशी यादी काढली. वहीचं ते पान माझ्याकडे आहे. पहिलं नाव बजरंगबली, त्यावर दोन रेघा. मग छत्रपती. मग नागपूरची काळी मारबत. मग तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, चाकांसकट. हे शेवटचं नाव माझ्या मुलीचं. तिचा मुद्दा बिनतोड होता: कुंडीतलं झाड लढतं तर बैल का नाही लढणार? ('पिरान्हा प्लँट'ला तुम्ही घेतलंत तेव्हा अशी तोंडं उघडणार हे तुम्ही धरूनच चालला असाल.) सगळ्यांत खाली एकानं लिहिलं होतं: गांधीजी. त्यावर हशा पिकला. पण तो हसण्यावारी न्यायचा विषय नाही. 'सिव्हिलायझेशन' या 1991 सालच्या खेळात गांधीजी आहेतच, आणि ते अणुबाँब टाकत सुटतात ही दंतकथा इतकी फिरली की शेवटी त्या खेळाचे कर्ते सिड मायर यांना 2020 साली आपल्या पुस्तकात तसली चूक खेळात नव्हतीच असा खुलासा करावा लागला. सेवाग्रामच्या जिल्ह्यात बसून ही गोष्ट वाचताना कसं वाटतं, ते मी तुम्हाला जपानी पद्धतीनं, म्हणजे गप्प राहूनच सांगतो.

ती यादी मी पाठवत नाही. तुमच्या आखाड्याची एक रीत आहे: येणारा व्हिडिओ गेममध्येच जन्मलेला हवा. पुराणातला नको, सिनेमातला नको, खराखुरा तर नकोच. पूर्वी मला ही रीत आडमुठी वाटायची. आता पटते, आणि त्याचं कारण तुमचाच किर्बी. तो समोरच्याला गिळतो आणि त्याची टोपी घालून नाचतो. त्यानं छत्रपतींचा जिरेटोप घातला, तर दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रात दुकानं बंद. मारुतीची गोष्ट वेगळी. त्याला गिळायला सुरसा एकदा बसली होतीच. तो तोंडात शिरून बाहेर आला. तारांबळ किर्बीचीच उडेल. पण तरी नको.

याचा अर्थ असा नाही की एका गोष्टीतला वीर दुसऱ्या गोष्टीतल्याशी भिडवणं आम्हाला नवं आहे. तुमच्या आधीपासून आमच्याकडे तो धंदा चालू आहे. वनात वाटेवर आडव्या पडलेल्या म्हाताऱ्या वानराचं शेपूट भीमाला हलवता येत नाही. महाभारतातल्या गड्याला रामायणातल्या गड्यानं जागेवर बसवलं. स्यमंतक मण्यासाठी कृष्ण आणि जांबवान गुहेत झुंजतात. भागवतात ती झुंज 28 दिवस चालते. गणेश चतुर्थीला चुकून चंद्र दिसला की आजी हीच गोष्ट सांगते. रामाचा अस्वल-सरदार विरुद्ध द्वारकेचा कृष्ण. याहून मोठी लढत तुमच्या यादीतही नाही. आणि ती सुटते कशी, तर हरलेल्याला समोरचा कोण ते ओळखू येतं आणि तो आपली मुलगी त्याला देतो. तुमचे विजेते नुसते टाळ्या घेतात.

आता रीतीप्रमाणे नाव. भारतीय म्हणून लोक आधी 'स्ट्रीट फायटर'च्या धालसिमकडे बोट दाखवतात. त्याला मी लहानपणापासून ओळखतो. आर्वीला बाजाराच्या गल्लीत एक पार्लर होतं, पत्र्याची टपरीच, आत तीन मशिनी. रुपयाचं नाणं टाकायचं आणि मागे उभ्या असलेल्यांची टोमणेबाजी ऐकत खेळायचं. 'मुस्तफा', 'केओएफ 97', आणि कोपऱ्यात 'स्ट्रीट फायटर'. केओएफवर रांग असायची. तोही सरमिसळीचाच खेळ, वेगवेगळ्या खेळांतले गडी एकत्र आणलेला, पण आम्हाला ते कुठं माहीत. आम्हाला वाटायचं हे सगळे एकाच गावचे. धालसिम कुणी घ्यायचं नाही. गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग, हात रबरासारखे लांब, मागे हत्ती. एक पोरगा त्याला बघून म्हणाला होता, "हा कोण्या देशाचा बे?" पडद्यावर 'इंडिया' लिहिलेलं होतं. धालसिमवर माझा राग नाही. 1991 साली जपानहून आम्ही तसेच दिसत असू. पण तीस-पस्तीस वर्षं झाली, आता जवळून बघा.

जवळून बघितलं तर एकच नाव आहे: राजी. 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा खेळ पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'नं केला. 2017 साली त्यांनी 'किकस्टार्टर'वर लोकांकडे पैसे मागितले, ठरवलेला आकडा गाठला नाही. तरी त्यांनी खेळ पुरा केला, आणि 18 ऑगस्ट 2020 ला तो सर्वांत आधी कशावर आला? तुमच्याच स्विचवर. बाकीच्या यंत्रांना ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन होतं. गोष्ट साधी आहे: राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू ही सर्कशीतली पोरकी पोरं, असुर गोलूला पळवतात, दुर्गेकडून त्रिशूळ मिळतो, राजी निघते. पुढे धनुष्य येतं, ढाल-तलवार येते. भिंतींवर चित्रं, मधेमधे बाहुल्यांच्या सावल्या. तारीफच करायची तर पत्र कशाला लिहिलं असतं. शेवट तोडून टाकल्यासारखा आहे, आणि जमायला लागलं म्हणता म्हणता खेळ संपतो. पण ती पोरगी मनात राहते. ती खांबाला धरून गरगर फिरते आणि फिरता फिरता मारते. ते बघून आबाजी खुर्चीतून उठलेच.

"मल्लखांब!"

त्यांना तो दिसणारच. आमच्या शेजारच्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, 1914 सालचं. मंडळाचं पथक 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं जाऊन देशी खेळ दाखवून आलं. आबाजींच्या पिढीच्या पीटी मास्तरांना ती गोष्ट तोंडपाठ. सर्कशीचंही तसंच. या देशात सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे मराठी होते, आणि त्यांची सर्कस 1880 च्या सुमाराची. राजी पुण्यात काढली गेली, सर्कशीत वाढली, खांबावर खेळते. तिला आणखी वेगळा दाखला कशाला लागतो?

आता तिचे डाव. हे तुमच्या कामाचं आहे, म्हणून नीट सांगतो. तुमच्या आखाड्यात जीव मोजत नाहीत, टक्के मोजतात: मार बसेल तसे टक्के चढतात आणि गडी लांब उडतो, शेवटी मैदानाबाहेर. म्हणजे खरी कसोटी बाहेर फेकल्यावर परत येण्याची. आमच्या कबड्डीत चढाई करणारा चार जण अंगावर घेऊन मधल्या पाटीकडे बोटं ताणतो, तेच. तुमच्याकडे कडेला हात लागला की वाचला. राजीला परत येण्यासाठी दोरीचा मल्लखांब द्या. दोरी वर फेकायची, पायाच्या अंगठ्यात धरायची, चढायचं. पूर्वी मुलींना दोरीचाच मल्लखांब शिकवत, तेव्हा शोभेलही.

जमिनीवर तिला खांब रोवू द्या. एकच, तोही थोडा वेळ. सलामी करून तिनं खांबाला हात घातला की पहिली अढी. पायांनी खांब आवळून अंग उलटं होतं, दोन्ही हात मोकळे, आणि त्या हातांत त्रिशूळ. समोरच्याला कळत नाही मार डोक्याच्या बाजूनं येणार की पायाच्या. नेम चुकला तर ती उलटी लटकलेली राहते आणि कुणीही येऊन हाणावं. असा धोका हवाच. दुसऱ्यानंही खांब धरायला हरकत नसावी, पण खांबाला एरंडेल असतं. मारिओला सरकू द्या खाली. खरा मल्लखांब शिकणारं प्रत्येक पोर पहिल्या आठवड्यात तसंच सरकतं आणि मांड्या सोलून घेतं; मीही सोलून घेतल्यात, आणि दोन आठवड्यांत सोडलं, हेही कबूल.

शेवटचा मोठा डाव? तिथं अस्त्रं आणि उजेडाचे स्फोट सगळेच करतात. राजीसाठी दिवे विझवा. पांढरा पडदा, मागे दिवा, सगळे गडी सावल्या झालेले, आणि बाहुल्यांच्या दोऱ्या गोलूच्या हातात. तो आधीपासून बाहुल्यांचाच खेळ करतो. बहीण भावाला शोधत फिरते एवढंच आजवर पाहिलं. एकदा भावालाही बहिणीसाठी लढू द्या.

मला कल्पना आहे, पूर्ण गडी बनवायला महिने जातात, हक्कांची कागदपत्रं लागतात, आणि 89 जणांच्या गर्दीत नव्वदावा बसवणं म्हणजे एसटीत पोळ्याच्या दिवशी जागा मागणं. नाहीच जमलं तर छोटी वाट तुम्हीच पाडून ठेवली आहे. 'अंडरटेल'चा सान्स आणि 'कपहेड' हे छोट्या मंडळींच्या खेळांतले गडी तुमच्या आखाड्यात पोशाखापुरते तरी आलेच. 'शव्हल नाइट' मदतीला धावून येतो. पुण्याच्या राजीला पोशाखाचं दार उघडं करायला फारसं काही लागू नये. 2015 साली तुम्ही जगभरातून मतं मागवलीत, सोरा या गड्याला सर्वांत जास्त पडली आणि तो 2021 च्या ऑक्टोबरमध्ये उतरला. सहा वर्षं. ग्रामपंचायतीच्या नालीची वाट बघितलेल्या माणसांना एवढं काही विशेष नाही. तेव्हा रोहण्याहून एकही मत गेलं नव्हतं. हे पहिलं धरा.

आबाजींचा वेगळा निरोप आहे, शब्दाला शब्द कळवतो: राजी येईल तेव्हा येईल, आधी त्या शिक्षिकेला साष्टांग शिकवा. दहापैकी बाकीच्या स्थिती कुणी दाखवायला हवं असेल तर ते पहाटे साडेपाचला शाळेच्या मैदानावर असतात.

कळावे,

आपला,
रोहण्याचा एक मोबाइलवाला
(मु. पो. रोहणा, ता. आर्वी, जि. वर्धा)