संगणक नंतर, आधी लोखंड पाहा

कापडाच्या व्यापाऱ्यांना लेथ आणि मिलिंग मशीनशी काय देणेघेणे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. देणेघेणे आहे. माग थांबला की कापड थांबते, आणि मागाचे गिअर, कॅम, लिव्हर, ब्रॅकेट मालेगाव-भिवंडीच्या मोहल्ल्यांतील लहान वर्कशॉपांतच बनतात. आता एकाच मापाचे पाचशे नग हवे असले की ऑर्डर संगणकावर चालणाऱ्या, म्हणजे सीएनसी मशीनवाल्याकडे जाते. आपल्या कारागिराच्या वाट्याला तुटक्या सुट्या भागाची दुरुस्ती उरते. नवी सीएनसी मशीन घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. हप्ता मात्र काम असो वा नसो, पहिल्या महिन्यापासून सुरू होतो. म्हणून जुनी मिलिंग मशीन घेऊन तिला संगणक बसवावा काय, असे अनेक जण विचारतात. आमचे मत असे की, बसवावा. पण आधी लोखंड पारखून घ्यावे आणि जुन्या उस्तादाला बाजूला सारू नये.

जुन्या मालाची लाज बाळगण्याचे कारण नाही. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले माग आणूनच आपल्या गावांतील अनेक कारखाने उभे राहिले. सीएनसीचा उगमही असाच आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने 1952 साली आकड्यांच्या हुकमावर चालणारी मिलिंग मशीन जगाला दाखवली, तेव्हा ती मुळापासून नवी घडवलेली नव्हती. सिनसिनाटी कंपनीच्या तयार मशीनमध्ये फेरफार करून ती चालवली होती. तिला हुकूम मिळत होता छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून. हे वाचून आपल्या विणकरांना जॅकार्डचे पत्ते आठवतील. फ्रान्समधील जॅकार्डचा माग 1804 चा. कोणता धागा उचलायचा हे पत्त्याचे छिद्र सांगते. कटर किती सरकवायचा हे त्या पट्टीचे छिद्र सांगत होते. आज पट्टीच्या जागी संगणक आला आहे. तेव्हा ही विद्या आपल्याला परकी आहे, असे कोणी समजू नये.

आता खरेदीविषयी. दलाल रंग मारलेली मशीन दाखवील; आपण डायल गेज घेऊन जावे. जुन्या मशीनचे टेबल बहुधा मधल्या भागात झिजते, कारण काम तिथेच होते. मध्यभागी गिब आवळून पाहावी. मग टेबल दोन्ही टोकांकडे न्यावे. तिथे ते जाम होऊ लागले तर मधली स्लाइड झिजली आहे असे समजावे. स्पिंडलमध्ये डायल लावून हाताने फिरवावा. काटा हलत असेल तर बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करावा. चाक उलटे फिरवताना टेबल हलण्याआधी किती रेघा रिकाम्या जातात तेही मोजावे. हा स्क्रूचा प्ले होय. स्क्रू बदलता येतो. झिजलेली स्लाइड पुन्हा सरळ करणे मात्र महागाचे आणि जाणकाराचे काम आहे. म्हणून स्क्रू वाईट असला तरी सौदा होऊ शकतो, स्लाइड वाईट असेल तर मशीन भंगाराच्या भावातही घेऊ नये.

हा प्ले ठेवून संगणक बसवला तर काय होते? हाताने काम करणारा कारागीर प्ले ओळखून एका बाजूने चाक आवळत माप धरतो. संगणकाला ती जाण नसते. तो गोल कापू लागला की दिशा बदलते त्या चार जागी पायरी उमटते. यासाठी जुना स्क्रू काढून बॉलस्क्रू घालावा लागतो. साध्या स्टेपर मोटरचा एक फेरा 200 पावलांचा असतो. बॉलस्क्रू एका फेऱ्याला 5 मिलिमीटर सरकत असेल तर एक पाऊल 0.025 मिलिमीटरचे झाले. हिशेब छान वाटतो. परंतु जोर जास्त पडला की साधी स्टेपर मोटर पाऊल चुकते आणि संगणकाला ते कळत नाही. सर्व्हो मोटर महाग असते, पण ती आपली जागा कळवत राहते. बॉलस्क्रू फार हलका फिरतो, म्हणून वीज गेली की उभ्या दिशेचा भाग स्वतःच्या वजनाने खाली घसरू शकतो. तिथे ब्रेकची मोटर किंवा उलट वजन हवेच. अर्थिंग, लिमिट स्विच आणि तात्काळ बंद करण्याचे लाल बटण यांत काटकसर करणे म्हणजे कामगाराच्या हाताशी खेळ आहे.

कंट्रोलरसाठी लाखो रुपये घालावेच लागतात असे नाही. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेत 1990 च्या दशकात झालेल्या कामातून पुढे आलेला लिनक्ससीएनसी हा प्रोग्राम फुकट मिळतो. तरीही मोटरी, ड्राइव्ह, बॉलस्क्रू आणि फिटिंग यांचा खर्च अनेकदा मशीनच्या किमतीपेक्षा जास्त होतो. सौदा करण्यापूर्वी तो कागदावर मांडावा. ही मशीन स्वतः टूल बदलणार नाही, नव्या बंदिस्त मशीनच्या वेगाने चालणारही नाही. रोज एक वेगळी दुरुस्ती येत असेल तर हाताची मशीनच बरी. तोच नग महिन्यामागून महिने येत असेल तरच फेरफार परवडतो. आणि ऑर्डर भरभरून येत असतील तर नवी मशीन घ्यावी, जुन्याचा हट्ट धरू नये.

शेवटची गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. संगणक आला की मालक आयटीआयच्या पोराला बसवतो आणि वीस वर्षांच्या उस्तादाला घरी पाठवतो. हा तोट्याचा सौदा आहे. जॉब कसा धरावा, बिडाला कोणता वेग द्यावा, कटर बोथट झाल्याचा आवाज कसा असतो, हे त्या उस्तादाच्या कानाला आणि हाताला ठाऊक असते. पोराला प्रोग्राम लिहिता येतो. दोघांना एका मशीनवर बसवावे. पोराला औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) इंडो-जर्मन टूल रूमसारख्या सरकारी संस्थेत तालीम घ्यायला पाठवावे, आणि उस्तादाचा पगार कमी करू नये. मशीन भागीदारीत घेतली तर कोणाचे किती पैसे, कोणाची किती मेहनत आणि नफा-तोटा कसा वाटायचा, हे पहिल्या दिवशीच लिहून काढावे. व्यापाऱ्यांनीही आपला वाटा उचलावा. बाहेर जाणारी पाचशे नगांची ऑर्डर आधी मोहल्ल्यातील वर्कशॉपला दाखवावी. माप बरोबर आले तर काम तिथेच द्यावे, आणि पैसे वेळेवर चुकते करावेत.