दम्याचे यंत्र घरी वापरताना
रिठदच्या एक भगिनी विचारतात, "सोयाबीनच्या मळणीचा धुरळा उडाला की धाकट्याला दम लागतो. नेब्युलायझर घरीच आहे. सलाईन संपलं तर उकळून गार केलेलं पाणी चालेल का?"

नाही हो, मुळीच नाही! साध्या पाण्याच्या फवाऱ्याने दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आणखी आवळतात. डॉक्टरांनी लिहिलेले औषध नि सलाईनच, मोजून घाला. मुलाला ताठ बसवा, मास्क चेहऱ्याला नीट टेकवा. दर वेळी कप आणि मास्क धुऊन हवेवर कोरडे करा. वीज गेली तर? पंप नि स्पेसरचे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. मात्र औषध देऊनही दम हटेना, बरगड्यांमध्ये खळगे पडू लागले किंवा ओठ निळसर दिसले, तर यंत्रावर विसंबू नका. ताबडतोब १०८ ला फोन करा.