सावलीची सीता, सावलीची हेलन

मैत्रिणींनो, आमच्या हिवरा आश्रमचा विवेकानंद जयंतीचा उत्सव बुलढाणा जिल्ह्यातल्या बायकांना काही नव्यानं सांगायला नको. शेतात पंगती बसतात, ट्रॅक्टरमधून पुरी आणि वांग्याची भाजी येते आणि लाखांवर माणसं महाप्रसाद घेतात. या उत्सवाला माझी लेक पुण्याहून आली होती. दुपारी सगळ्या जरा निवांत झालो, तसा तिनं टीव्हीवर ‘ट्रॉय’ हा इंग्रजी सिनेमा हिंदी बोलीत लावला. सिनेमा २००४ सालचा. पण गोष्ट ग्रीक लोकांच्या पुराणातली, हजारो वर्षांची.

माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, ऐंशीच्या पुढं गेल्यात. त्याही खुर्ची ओढून बसल्या. राजाची रूपवान राणी परक्या राजपुत्राबरोबर समुद्रापलीकडं जाते, नवऱ्याकडची मंडळी जहाजं भरभरून फौज नेतात, नगरीला वेढा पडतो. अर्ध्या सिनेमात आत्याबाई म्हणाल्या, “हे त्याईचं रामायण व्हय का व?”

लेकीनं होमर कवीचं ‘इलियड’ वाचलेलं. ती आपली सारखी कुरकुरत होती. मूळ गोष्टीत युद्ध दहा वर्षं चालतं, इथं काही दिवसांतच उरकलं. होमरच्या काव्यात देव दोन्ही बाजूंनी रणात उतरतात, इथं ते गाळूनच टाकलेत. राणीचा नवरा मेनेलाउस इथं रणांगणावर मरतो. मूळ कथेत तो जिवंत राहतो. आगामेम्नॉन इथं ट्रॉयमध्येच मारला जातो. मुळात तो घरी पोचतो आणि तिथं बायकोच्या हातचं मरण येतं. “आई, सगळं चुकीचं दाखवलंय,” असं तिचं म्हणणं.

मी विचारलं, “आणि तो लाकडी घोडा? तो तरी बरोबर दाखवलाय ना?” तशी ती हसली. म्हणाली, घोडा ‘इलियड’मध्ये नाहीच! ते काव्य हेक्टरच्या अंत्यसंस्कारापाशी संपतं. घोड्याची हकीकत होमरच्याच दुसऱ्या काव्यात, ‘ओडिसी’मध्ये येते. पण घोडा वगळून कुणी सिनेमा काढला असता, तर प्रेक्षकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले असते. म्हणजे बघा, ‘मूळ गोष्ट’ म्हणून आपण जी मनात धरून बसतो, तीही चार ठिकाणांहून गोळा झालेली असते.

आत्याबाईंना या वादात काही रस नव्हता. सिनेमा संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, “मंग त्या बाईचं काय झालं?”

लेक म्हणाली, “सिनेमात ती भुयारातून निसटते, आजी. पण जुन्या गोष्टीत नवरा तिला घरी घेऊन जातो. पुढं ती राणी म्हणूनच नांदते.”

“आग-बिग नाई?”

“नाही.”

आत्याबाई कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत.

आता तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगते. १९८७ साली मी लग्न होऊन या घरात आले. त्याच वर्षी जानेवारीत दूरदर्शनवर रामानंद सागर यांचं ‘रामायण’ सुरू झालं होतं. रविवारी सकाळी साडेनऊला आमच्या ब्लॅक अँड व्हाइट सेटपुढं अर्धी आळी जमायची. आत्याबाई आंघोळ करून, टीव्हीला हळदकुंकू लावून, हात जोडून बसायच्या. मी अकोल्याला कॉलेज केलेली! एका रविवारी सीता वनवासाला निघाली आणि आत्याबाईंच्या डोळ्यांना धार लागली. मी ह्यांना म्हटलं, “अहो, ते नट आहेत, पैसे घेऊन काम करतात.” म्हटलं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि वर हसले.

पुढच्या रविवारपासून आत्याबाई त्या खोलीत आल्या नाहीत. उंबऱ्यापलीकडं ज्वारी निवडत बसायच्या आणि नुसता आवाज ऐकायच्या. जुलै १९८८ पर्यंत मालिका चालली. मी एकदाही “आत या” म्हटलं नाही.

२०२० च्या टाळेबंदीत, २८ मार्चपासून, दूरदर्शननं तीच मालिका पुन्हा लावली, रोज सकाळ-संध्याकाळ. मी स्वतः आत्याबाईंना हाताला धरून आणलं. तेव्हा त्या म्हणाल्या, “आमच्या वेळी पोथी बुवा वाचे. बाया मांगं बसत. मी तं सैपाकात. अर्धं आयकलं, अर्धं भाकरीत गेलं. टीवीवर पयल्यांदा सोताच्या डोयानं पाहाले भेटलं. मंग हात नाई जोडू तं काय करू?”

माझ्या घशात आवंढा आला. मी म्हटलं, “आत्याबाई, तेव्हा माझं चुकलं.” त्या म्हणाल्या, “जाऊ दे व माय, चहा ठेव.”

त्याच मालिकेतली अग्निपरीक्षा आठवते का? वाल्मीकींच्या रामायणात रावणानं खरीखुरी सीताच नेलेली असते. पण अध्यात्म रामायणात आणि पुढं तुलसीदासांच्या रामचरितमानसात खरी सीता आधीच अग्नीच्या स्वाधीन केलेली असते आणि रावण नेतो ती तिची छाया. मालिकेनं छायेचीच कथा घेतली. सुरुवातीच्या पाट्यांत अनेक रामायणांची नावं होती, त्यांत आपल्या एकनाथांचं भावार्थ रामायणही होतं.

आणि गंमत पाहा, ग्रीकांनीही अगदी हेच केलं. युरिपिडीज नावाच्या नाटककारानं इसवी सनापूर्वी ४१२ मध्ये ‘हेलन’ नावाचं नाटक केलं. त्यात खरी हेलन इजिप्तमध्ये सुखरूप असते आणि ट्रॉयला गेलेली असते ती नुसती तिची सावली! समुद्राच्या दोन बाजूंच्या दोन समाजांना बाईवर ठपका नको होता, म्हणून दोघांनी सावली निर्माण केली. तेव्हा गोष्ट बदलण्याचं खापर एकट्या सिनेमावाल्यांवर फोडू नये. आधी कवींनीच ती बदलली.

मग प्रेक्षकानं पारख करायची ती कशी? १९१७ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘लंकादहन’ काढला. सिनेमात काम करायला बायका मिळत नव्हत्या, म्हणून राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके या एकाच नटानं केले. लोकांनी तो डोक्यावर घेतला! आणि २०२३ साली ओम राऊत यांच्या ‘आदिपुरुष’मध्ये खर्च मोठा, यंत्रांची करामत मोठी; पण हनुमंताच्या तोंडची टपोरी भाषा लोकांना खपली नाही आणि निर्मात्यांना काही संवाद बदलावे लागले. प्रेक्षक साधनांची उणीव पोटात घालतो, भाव हरवला तर मात्र घालत नाही. वांग्याच्या भाजीचंच घ्या ना. आश्रमाची चव घरच्या कढईत येत नाही, म्हणून का आपण घरची भाजी टाकून देतो? हां, मीठच नसलं तर मात्र ताट सरकवतो.

तेव्हा मुलांबरोबर पुराणावरचं काही पाहायला बसलात, मग ते आपलं असो की ग्रीकांचं, तर एवढं करा.

पाहताना “मुळात असं नाहीये” हे वाक्य गिळा. संपल्यावर बोला. मध्येच बोललं की ना सिनेमा धड पाहून होतो, ना गप्पा.

बदल दिसला तर तो कशासाठी केला ते मुलांना विचारा. दहा वर्षांचं युद्ध पावणेतीन तासांत बसवायला केलेली काटछाट वेगळी आणि गोष्टीचा अर्थच फिरवणारा बदल वेगळा.

त्या बदलानं कुणाचं काय झालं, हे तर जरूर विचारा. कोण सुटलं? कुणावर ठपका आला? आत्याबाईंचा प्रश्न हाच होता.

आणि घरातलं वडीलधारं माणूस हात जोडून बसलं, तर हसू नका. त्यांनी ती गोष्ट कुणाकडून ऐकली, किती ऐकली आणि किती ऐकायची राहिली, ते विचारा.

परवा भाकरी थापताना आत्याबाई आपणहून म्हणाल्या, “सावली असो का खरी, आगीत जाचं बाईनंच. त्या हेलनचं बरं झालं व.” लेकीचा फोन आला तेव्हा मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, “आई, इतक्या समीक्षा वाचल्या, हे कुणीच लिहिलं नव्हतं.”

तुमच्या घरी ‘रामायण’ किंवा ‘महाभारत’ पाहताना कुणी काय म्हटलं होतं, आठवतंय? जरूर लिहून कळवा.