आत्याचे एकोणतीस दिवस

आमच्या घरात मोबाईल रिचार्जचं खातं माझ्याकडे आहे. कोणी सोपवलं वगैरे नाही, गॅसचं बुकिंग आणि लाईटबिल जसं आपोआप माझ्याकडे आलं तसंच हेही आलं. मी, बायको, हॉस्टेलवर राहणारी लेक, बाबा आणि देवरूखच्या पुढे एका वाडीत एकटी राहणारी माझी आत्या. पाच नंबर, तीन कंपन्या आणि एक एक्सेल शीट. बायको या शीटला 'पंचांग' म्हणते.

या पंचांगात पॅकची किंमत, किती दिवस, एकूण किती जीबी असे रकाने आहेत. आणि सगळ्यात उजवीकडे, पिवळ्या रंगात, माझा अभिमानाचा रकाना : एका जीबीला किती रुपये पडले. माझे सगळे निर्णय या पिवळ्या रकान्यावरून व्हायचे. आकडा लहान, की पॅक चांगला. इतकं सोपं.

आता यात माझी थोडी चूक आहे आणि थोडी माझ्या वयाची. ज्यांनी जीपीआरएसवर नेट वापरलंय त्यांना कळेल. ऑपेरा मिनीत मराठी पान उघडलं की सगळे चौकोन दिसायचे. मग कुणीतरी सांगितलं, की सेटिंगच्या एका लपवलेल्या पानावर जाऊन बिटमॅप फॉन्टसमोर 'येस' करायचं, की अक्षरं चित्र होऊन येतात. आली! पण चित्र म्हणजे जास्त केबी, आणि जास्त केबी म्हणजे जास्त पैसे. कितीतरी ब्लॉग मी पान उतरलं की नेट बंद करून वाचलेत. पुढे थ्रीजी आलं तेव्हाही एका जीबीला दोनशे-अडीचशे रुपये मोजायचो आणि तो जीबी महिनाभर पुरवायचो. अशा माणसाला 'एका जीबीला दहा रुपये' असं दिसलं की त्याचं डोकं चालत नाही. माझं चाललं नाही.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि हा सगळा हिशोबच उलटा झाला हे सांगायला नको. आधी डिसेंबरपर्यंत फुकट, मग ३१ मार्च २०१७ पर्यंत फुकट. त्यानंतर पैसे घ्यायला लागले तेही किती, तर २०१७ च्या जुलैत ३९९ रुपयांना ८४ दिवस, रोज एक जीबी. बाकीच्यांनाही भाव पाडावे लागले, काही कंपन्या तर या धामधुमीत गेल्याच. तेव्हापासून आपल्याला एक सवय लागली : डेटा म्हणजे पॅक, पॅक म्हणजे डेटा. बोलणं त्याच्यासोबत फुकट. वाण्याकडे साखरेसोबत चमचा मिळावा तसं.

पण चमचाच हवा असेल तर?

आत्याकडे बटणांचा साधा फोन आहे. टूजी. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, यांनी ते 'लाईफटाईम' पॅक निघाले होते तेव्हा तिचं सिम घेतलं होतं. हजाराच्या आसपास भरायचे आणि येणारे फोन आयुष्यभर फुकट. पुढे दहा रुपयांचं टॉपअप मारलं की सात-साडेसात रुपये टॉकटाईम. त्यात आत्याचे दोन-दोन महिने निघायचे, कारण ती फोन करायचीच नाही, मिस्ड कॉल द्यायची. एक मिस्ड कॉल म्हणजे सुखरूप पोचले, दोन म्हणजे तू कर. २०१८ च्या शेवटी कंपन्यांनी दर २८ दिवसांना किमान ३५ रुपयांचा रिचार्ज लावला आणि आयुष्यभराचा पॅक संपला. काका त्यानंतर दोन वर्षांनी गेले. म्हणजे लाईफटाईम काकांच्या आधी गेलं. (हा विनोद आत्याचाच आहे, माझा नाही.)

काका गेल्यावर तिचा रिचार्ज मी माझ्याकडे घेतला. पंचांग उघडलं. एका बाजूला स्वस्तातला पॅक होता, २८ दिवसांना मिळून २ जीबी. २०२४ च्या जुलैनंतर तो १९९ चा झाला, म्हणजे पिवळ्या रकान्यात शंभर रुपये जीबी! छे छे. दुसऱ्या बाजूला रोज एक जीबीवाला, तीनशेला एक कमी, म्हणजे जीबीला १० रुपये ६८ पैसे. मी दर महिन्याच्या ५ तारखेला, पगार झाला की, आत्याच्या फोनवर हा दुसरा मारायचो. स्वस्त पडतो म्हणून. महिन्याला २८ जीबी, अशा फोनवर की ज्यात फोटोसुद्धा दिसत नाही.

हे वाचून तुम्ही हसणार हे मला माहीत आहे. हसा. पण खरी चूक यापुढे आहे.

२०२४ ची भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती. बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्यांच्या वतीने साडी आणि फराळ घेऊन मी आत्याकडे गेलो होतो. जेवणं झाली. आत्या म्हणाली, "लाव रे तुझ्या फोनवरून तुझ्या बाबांना. माझा आज मुका आहे."

मुका म्हणजे? तर म्हणाली, महिन्याच्या सुरुवातीला दोन-तीन दिवस असतो तो मुका. येणारे फोन येतात, आपला लागत नाही. मग तू काहीतरी करतोस आणि परत बोलायला लागतो. "मला वाटलं सगळ्यांचाच असतो."

मी तिथेच ओटीवर बसून बोटांवर हिशोब केला. ५ ऑक्टोबरपासून २८ दिवस, म्हणजे १ नोव्हेंबर. २, ३, ४ तारीख मुकी. ५ ला मी परत मारणार. एकतीस दिवसांच्या महिन्यानंतर तीन दिवस, तीस दिवसांच्या महिन्यानंतर दोन. वर्षाला बारा रिचार्ज म्हणजे ३३६ दिवस. राहिले एकोणतीस. गेली साडेतीन वर्षं मी आत्याला वर्षातला जवळजवळ एक महिना मुकं ठेवलं होतं, आणि वर शीटमध्ये लिहीत होतो की हा पॅक परवडतो.

मला पत्ता का लागला नाही? कारण मी फोन केला की लागायचा. पॅक संपल्याचे मेसेज आत्याच्या फोनवर जायचे, इंग्रजीत, आणि तिचा इनबॉक्स कधीचाच भरलेला. मला ॲपवरून सूचना येत असणार, पण ते ॲप दिवसातून चार वेळा काहीतरी विकायला उठवायचं म्हणून मीच त्याचं तोंड बंद केलं होतं. तेव्हा दोष दुसऱ्या कुणाला देत नाही.

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, अशाच मुक्या दिवसांत, रात्री आंब्याची फांदी लाईटच्या तारेवर पडली. वायरमनला सांगायला आत्या छत्री आणि बॅटरी घेऊन, पावसात, शेजारच्या घरी गेली. शेजारचं घर म्हणजे कोकणातलं शेजार, मध्ये एक पऱ्या आहे. वय चौऱ्याहत्तर. पूर्वीचं ते दहाचं टॉपअप असतं तर निदान मिस्ड कॉल देता आला असता. आता पॅक संपला की मिस्ड कॉलही जात नाही. म्हणजे मिस्ड कॉलसुद्धा आता तीनशेला एक कमीच पडतो.

यात माझी चूक बाजूला ठेवली तरी एक प्रश्न उरतोच, आणि त्यावर माझं ठाम मत आहे. महिना २८ दिवसांचा कुणी केला? पगार, भाडं, दूधवाला, पेपरवाला, लाईटबिल... सगळं तारखेने चालतं. एकटा मोबाईल २८ दिवसांनी फिरतो, आणि वर्षाचे बारा रिचार्ज धरून चाललेल्या माणसाला तेरावा भरायला लावतो. दुधाचा भाव लिटरवर लावून पिशवी नऊशे मिलीची विकावी तसा हा प्रकार. ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये कंपन्यांना सांगितलं, की निदान एक पॅक तीस दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवा. ठेवलेत. पण मला ते भाऊबीजेनंतर, मुद्दाम शोधल्यावर सापडले. 'निदान एक' म्हटलं की एकच मिळतो, आणि तो यादीत कुठे ठेवायचा हे दुकानदाराच्या हातात असतं.

अमेरिकेतला माझा मावसभाऊ (तो हे वाचतोच) नेहमी म्हणतो, तुम्ही लोक रडता कशाला, एवढा स्वस्त डेटा जगात फार कमी ठिकाणी आहे. खरं आहे. तो महिन्याला भरतो त्यात आमचे पाचही नंबर कितीतरी महिने चालतील. आणि स्वस्त डेटाने काय केलं हेही मी नाकारत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वाडीतली पोरं रेंजसाठी टेकडीवर जाऊन का होईना, पण फोनवर शाळा शिकली. २०१४ च्या भावात ते जमलंच नसतं. टॉवर, फाईव्हजी यांना पैसा लागतो, तो कुठून तरी यायचा, तेही मान्य.

पण तो जीबीचा भाव सांगतो, आणि मी आता विचारतो, फोन नुसता चालू ठेवायचा भाव काय? हे दोन वेगळे भाव आहेत, आणि ते उलट्या दिशेने गेलेत. ज्याच्याकडे चांगला फोन आहे, जो रोज दोन जीबी सिनेमे बघतो, त्याला जीबी २०१६ च्या आधीपेक्षा कितीतरी स्वस्त. आणि ज्याला नुसतं "पोचले" एवढं सांगायचंय, त्याचे दोन महिन्यांचे दहा रुपये जाऊन महिन्याला दोनशे-तीनशे झाले. जिओचा रोज दीड जीबीवाला पॅक जुलै २०२४ मध्ये २३९ वरून २९९ वर गेला, एअरटेलचा त्याच मापाचा २९९ वरून ३४९ वर. माझ्या लेकीला हे पन्नास-साठ रुपये कळलेही नाहीत. आमच्या सोसायटीच्या वॉचमनला कळले. त्याने दोन सिमांपैकी गावाकडचं बंद केलं.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने आणखी एक नियम केला, तो मात्र मला मनापासून आवडला : नुसतं बोलणं आणि एसएमएस असलेले, डेटा नसलेले पॅक ठेवलेच पाहिजेत. जानेवारी २०२५ मध्ये ते आले. सुरुवातीला जरा चढे भाव लावून पाहिले, मग उतरवले. एअरटेल ८४ दिवसांना ४६९ आणि ३६५ दिवसांना १,८४९; जिओ ८४ दिवसांना ४४८ आणि १,७४८ ला ३३६ दिवस. (हो, तेच ३३६! बारा गुणिले अठ्ठावीस. सवय सुटत नाही.) भाव बदलत राहतात, तुम्ही वाचाल तेव्हा एकदा बघून घ्या. पण गणित बघा. तीनशेला एक कमीवाला दिवसाला १० रुपये ६८ पैसे पडतो, तर १,८४९ वाला ५ रुपये ७ पैसे. आत्याचा फोन चालू ठेवायचा खर्च निम्म्याहून खाली आला, आणि तिला काही कमी झालं नाही, कारण तो डेटा तिने कधी वापरलाच नव्हता.

यातही खोच आहेच. सगळ्यात स्वस्त पडतो तो वर्षाचा पॅक, आणि एकदम अठराशे रुपये काढणं मला जमतं, वॉचमनला नाही. त्याला महिन्याचा, शंभराच्या आतला, नुसत्या बोलण्याचा पॅक हवा आहे. तसा मोठ्या कंपन्यांकडून आला नाही. आणि ज्याचं काम फक्त बोलण्याचं, त्यालाही आता कधीमधी युपीआय लागतं, म्हणजे परत थोडा डेटा. त्याची अडचण मला सोडवता आलेली नाही.

पंचांग मी बदललं. पिवळा रकाना काढला नाही (जुनी सवय), पण त्याच्या डावीकडे दोन नवे टाकले : 'दिवसाला किती' आणि 'खरे किती जीबी वापरले'. या दुसऱ्याने बरीच पोलखोल झाली. लेक रोजचे दोन जीबी रात्री बाराच्या आत संपवते, तिचा पॅक बरोबर आहे. मी मात्र घरी वायफाय, ऑफिसात वायफाय, आणि रोजच्या दीड जीबीतले महिन्याला जेमतेम सहा-सात जीबी वापरतो. उरलेले रोज मध्यरात्री विरून जातात. म्हणजे मला जीबी सात रुपयांना नाही, पन्नास रुपयांना पडत होता. बायकोचं याहून वाईट निघालं, पण ते इथे लिहायची परवानगी नाही :)

आत्याला वर्षाचा पॅक मारला. ३ एप्रिलला सकाळी सव्वासहाला तिचा फोन आला. मी दचकून उठलो, इतक्या सकाळी म्हणजे काय झालं असेल...

"काही नाही रे," म्हणाली, "तीन तारीख ना आज. लागतो का बघत होते."

मग वीस मिनिटं बोलली. फणस यंदा कमी धरलेत म्हणाली, आणि शेजारच्यांच्या म्हशीबद्दल बरंच काही. पुढचा रिचार्ज जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. इथे लिहून ठेवतोय, घरच्यांपैकी कोणी वाचत असाल तर आठवण करा.